पाकिटाच्या मध्येच दिसणारं रक्त आणि पाकिटाच्या शेवटी येणारं रक्त

"ताई, गोळ्या चालू असतानाच पाळी आली, म्हणून मी गोळ्या बंद केल्या."

माझ्या धाकट्या जावेनं हे सांगितलं तेव्हा तिच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या बाराच गोळ्या संपल्या होत्या. दोन दिवस तपकिरी डाग दिसले, ती समजली पाळी आली, आणि गोळ्या थांबवल्या. थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी चांगलंच अंगावरून जायला लागलं. तिची खात्रीच पटली. "बघा, पाळीच होती की!"

ती पाळी नव्हती. आधीचे डाग वेगळे होते आणि नंतरचा रक्तस्राव तिनं स्वतः गोळ्या थांबवून ओढवून घेतला होता. दोन्ही रक्तच, पॅडही एकच, पण पहिल्यात करायचं ते अगदी वेगळं असतं. हा फरक तिला कुणी सांगितला नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

आशाताई घरी आणून देतात ती माला-एन किंवा दुकानात मिळणारी माला-डी घ्या. पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ गोळ्यांत हार्मोन असतं: लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टोजेन) ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल एस्ट्राडिऑल (हे एस्ट्रोजेन) ०.०३ मिलिग्रॅम. शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या, त्या नुसत्या लोहाच्या. २१ दिवस हार्मोन पोटात जात असतं तोवर गर्भाशयाचं अस्तर त्याच्या आधारानं टिकून असतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की हा आधार निघतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत अस्तर गळून पडतं. हे पाकिटाच्या शेवटी येणारं रक्त. आपण त्याला पाळी म्हणतो, पण त्यामागे बीज सुटलेलं नसतं. हार्मोन थांबल्यामुळे आलेला तो रक्तस्राव आहे. म्हणून तो आधीच्या पाळीपेक्षा कमी असतो आणि कमी दिवस टिकतो. गोळ्या घेणाऱ्या बायकांना "रक्त आत साठून राहतं" अशी भीती असते. साठत काही नाही. अस्तरच पातळ झालेलं असतं, त्यामुळे गळायलाच थोडं असतं.

मधेच दिसणाऱ्या डागांचं कारण वेगळं. गोळीतल्या प्रोजेस्टोजेनमुळे अस्तर पातळ होतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि कुठेतरी थोडं पाझरतं. अस्तर धरून ठेवायचं काम एस्ट्रोजेन करतं. हे कळलं ते गोळीच्या जन्माच्या वेळीच. १९५० च्या दशकात अमेरिकेत शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि डॉक्टर जॉन रॉक यांच्या गोळीच्या पहिल्या चाचण्या चालू असताना त्यांच्या प्रोजेस्टोजेनमध्ये मेस्ट्रानॉल नावाचं एस्ट्रोजेन अशुद्धी म्हणून मिसळलेलं आढळलं. ते काढून औषध शुद्ध केलं, तर बायकांना मधेच रक्त जाण्याचा त्रास वाढला. मग तेच एस्ट्रोजेन मोजून मापून परत घातलं. पुढे वर्षानुवर्षं धोके कमी करण्यासाठी एस्ट्रोजेनचं प्रमाण उतरवत आणलं. आजच्या गोळीत ते कमी आहे, म्हणून ती जास्त सुरक्षित आहे आणि म्हणूनच सुरुवातीला डाग दिसू शकतात. शरीर रुळायला साधारण तीन महिने लागतात.

म्हणजे पहिल्या तीन पाकिटांत, गोळी रोज वेळेवर घेत असताना, मधेच डाग पडले तर गोळी चालूच ठेवायची. डाग पडले म्हणून गोळीचा परिणाम गेला असं होत नाही. उलट परिणाम जातो तो थांबवल्यानं. जावेनं बाराव्या गोळीनंतर थांबवलं, रक्त आलं ते तर दिसलंच, पण त्याच काळात बीजकोश पुन्हा जागा होऊ लागतो आणि दिवस राहण्याची शक्यता तयार होते. ती वाट बघत होती पाळी संपण्याची, पाच दिवसांनी नवं पाकीट सुरू करू म्हणून. त्या मधल्या दिवसांत तिला कसलंच संरक्षण नव्हतं.

आता स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न: गोळी चुकली का? डाग पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. लग्नघरी गेलं, पाकीट घरीच राहिलं, रात्रपाळीत वेळ बदलली. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, त्या दिवशीची तिच्या वेळेला, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त हार्मोनच्या गोळ्या चुकल्या तर गोळी पुढे चालू ठेवून सलग सात दिवस निरोध वापरायचा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करायचं. जोराच्या उलट्या-जुलाबांतही गोळी अंगी लागत नाही. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. ही औषधं गोळीचा जोर उतरवतात आणि तिथे डाग हा खराच इशारा असतो.

एक गोंधळ इथेच सोडवते. गणपतीत किंवा वारीच्या वेळी पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक नाही. ती थांबवल्यावरही दोन-तीन दिवसांत रक्त येतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

छाया ही गर्भनिरोधक गोळी आणखी निराळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं तिच्यातलं ऑर्मेलॉक्सिफेन हे हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तिच्यात पाळी उशिरा येऊ शकते. मालाचं गणित तिला लावू नका. पाळीला पंधरा दिवसांहून जास्त उशीर झाला तर गर्भचाचणी करा.

आणि मालाच्या लोहाच्या आठवड्यात रक्त आलंच नाही तर? सगळ्या गोळ्या वेळेवर झाल्या असतील तर घाबरू नका, नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा रक्त आलं नाही तर चाचणी करा.

डॉक्टरांकडे मात्र न लाजता जायचं ते कधी, हेही जावेला सांगितलं. तीन महिन्यांनंतरही डाग थांबत नसतील, किंवा वर्षभर सुरळीत चालल्यावर अचानक सुरू झाले असतील. संबंधानंतर रक्त येत असेल. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, ओटीपोटात जोराचं दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर त्याच दिवशी. गर्भाशयाच्या मुखाची सूज, गाठ, संसर्ग, क्वचित कर्करोगही असाच दिसतो, आणि ते गोळीच्या नावावर खपून जाता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (एनएफएचएस-५) देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. जास्त रक्त जाणं त्यांनी अंगावर काढू नये.

जावेची चाचणी निगेटिव्ह आली. तिनं नवं पाकीट सुरू केलं, पहिले सात दिवस निरोधही वापरला. पाकिटाच्या मागे पेनानं एवढंच लिहून ठेवलंय: "मधेच डाग – गोळी चालू."