कर्जाचा हुकूमनामा आणि त्यानंतरची दरखास्त: हे सगळं आलं कुठून

बँकेचं कर्ज थकलं, दावा पडला, निकाल बँकेच्या बाजूने लागला, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा निघाला, आता पुढे काय, यावर लोक काहीही सांगतात. कोणी म्हणतं पोलीस उचलून नेतात, कोणी म्हणतं भांडीकुंडी लिलावात काढतात, कोणी म्हणतं काहीच होत नाही, बिनधास्त रहा. तिन्ही चूक आहेत. समन्स, तारखा, वकीलपत्र हे सगळ्यांना माहीत असतंच, ते सोडून देतो. निकालानंतरचा जो भाग आहे, म्हणजे दरखास्त (हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करून द्या असा कोर्टाकडे अर्ज), जप्ती, दिवाणी तुरुंग (देणं न दिल्याबद्दलची कैद, गुन्ह्याची शिक्षा नव्हे), तो आजच्या रूपात कसा आला एवढंच इथे मांडतोय, कारण त्यात कर्जदाराला जे थोडंफार संरक्षण आहे ते सहज मिळालेलं नाहीये, आणि गेल्या तीसेक वर्षांत ते वापरायची जागाच आक्रसत चाललीये.

जुनं थोडक्यात. १८५९ साली दिवाणी कोर्टांची कार्यपद्धती कायद्यात बांधली गेली आणि त्याच वर्षी मुदतीचाही कायदा आला, साध्या रोख्यावर, म्हणजे कर्जाच्या लेखी कागदावर, तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. कर्जदाराला त्याचा फायदा व्हायला हवा होता, झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा, परत तीन वर्षांनी तेच, आणि कोर्टासमोर गेल्यावर कोर्ट फक्त सही-अंगठा खरा आहे का तेवढं बघायचं. शेतकरी तारखेला जायचाच नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि मग जप्तीला कोर्टाचा बेलीफ दारात. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरांतून रोखे, वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. बऱ्याच ठिकाणी माणसांना हात न लावता फक्त कागद जाळले गेले, त्यांना नेमकं कळलं होतं की त्रास कुठे आहे. गंमत नव्हे, खरंच लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच्या तीनच वर्षं आधी, १८७२ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, एका निकालात लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात. म्हणजे वसुली होत नाही अशी कर्ज देणाऱ्यांची ओरड आणि वसुलीने मेलो अशी कर्ज घेणाऱ्यांची ओरड, दोन्ही एकाच दशकातल्या, आणि दोन्ही आजही तशाच ऐकू येतात.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना. त्यात दोन गोष्टी फार मोठ्या होत्या. एक, कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा. दुसरी, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही. या दोन्ही पुढे परत येणार आहेत.

मग १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, जी दुरुस्त्या होत होत अजून चालू आहे. भांडीकुंडी लिलावात जातात म्हणणाऱ्यांनी तिचं कलम ६० एकदा वाचावं. अंगावरचे कपडे, स्वैपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रिवाजाप्रमाणे बाई अंगावरून उतरवत नाही ते दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, त्याचं राहतं घर, प्रॉव्हिडंट फंड, सरकारी पेन्शन, मजुराची मजुरी, यातल्या कशालाही हात लावता येत नाही. पगाराचं असं आहे की पहिले १,००० रुपये सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांशही सोडायचे, आणि राहिलेल्या एक तृतीयांशावर जप्ती, तीही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने. तो १,००० चा आकडा आजच्या महागाईत हास्यास्पद झालाय, पण तत्त्व ठाम आहे की माणसाचं जगणं आणि कमावण्याचं साधन शाबूत ठेवून वसुली करायची. फक्त एक धरून चला, ही यादी साध्या पैशाच्या हुकूमनाम्यातल्या जप्तीसाठी आहे. घर बँकेकडे गहाण असेल तर ती गोष्टच वेगळी, त्यावर पुढे येतो.

आता तुरुंगाचं, आणि इथे जरा थांबायला हवं.

संहितेच्या कलम ५१ मध्ये वसुलीच्या मार्गांत अटक आणि दिवाणी तुरुंग आहे. आधी हे जवळपास सरसकट होतं. १९३६ साली त्याला एक परंतुक, म्हणजे अट घालणारा भाग, जोडलं गेलं, की कर्जदाराला आधी कारण दाखवायची संधी द्यायची आणि कोर्टाने लेखी कारणं नोंदवायची, आणि तुरुंगात कधी पाठवायचं तर तो पळून जाणार असेल, मालमत्ता लपवत किंवा फिरवत असेल, किंवा हुकूमनाम्याच्या तारखेपासून पुढे कधीही त्याच्याकडे पैसे द्यायची ऐपत आहे वा होती आणि तरी तो देत नाही. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही. सूर्यास्तानंतर अटकेसाठी घरात शिरता येत नाही. तुरुंगातला खर्च दरखास्त करणाऱ्याने म्हणजे बँकेने भरायचा. जास्तीत जास्त तीन महिने, आणि आत राहून आलं म्हणून कर्ज फिटत नाही, फक्त त्याच हुकूमनाम्यासाठी परत अटक होत नाही.

या परंतुकातले "ऐपत आहे वा होती" हे शब्द चव्वेचाळीस वर्षं तसेच पडून होते. समजा हुकूमनामा झाल्यावर दोन वर्षांनी एखाद्याच्या हातात जमीन विकून पैसे आले, ते मुलीच्या ऑपरेशनला गेले, आज खिशात काही नाही. शब्दाला धरून गेलं तर "होती" मध्ये तो बसतो आणि आत जातो. १९८० च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टापुढे एक प्रकरण आलं, एका बँकेचा १९७२ च्या दाव्यातला अडीच लाखांचा हुकूमनामा, बाकीचे हुकूमनामे धरून सात लाखांच्या वर, कर्जदारांची सगळी स्थावर मालमत्ता आधीच जप्त, तिच्यावर रिसीव्हर म्हणजे ती सांभाळणारा कोर्टाचा माणूस नेमलेला, आणि तरी वर अटकेचं वॉरंट. या लोकांची आज ऐपत आहे का याची चौकशीच खालच्या कोर्टात झालेली नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता, ज्याच्या ११ व्या कलमात सरळ म्हटलंय की केवळ कराराप्रमाणे देणं फेडता येत नाही म्हणून कोणालाही कैद करायचं नाही. कोर्टाने तो करार आणि घटनेचं जगण्याच्या हक्काचं कलम २१ दोन्ही समोर ठेवून ते शब्द वाचले आणि सांगितलं की नुसतं थकणं पुरेसं नाही, द्यायची दानत नसणं दिसलं पाहिजे, त्या माणसाच्या इतर निकडीच्या गरजा काय होत्या तेही बघितलं पाहिजे, आणि दरिद्रीनारायणाच्या या देशात गरीब असणं हा गुन्हा नाही. वॉरंट रद्द झालं, प्रकरण नव्याने चौकशीसाठी परत गेलं.

या निकालावर बँकांच्या बाजूने तेव्हापासून एक नाराजी आहे आणि ती अगदीच पोकळ आहे असं म्हणता येणार नाही. त्यांचं म्हणणं, लबाड कर्जदार सगळं बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर करून कोर्टात हात वर करतो, आता त्याची दानत आम्ही सिद्ध कुठून करायची? पण मला वाटतं या आक्षेपाचं उत्तर कायद्यातच आहे. मालमत्ता फिरवणं हे अटकेचं स्वतंत्र कारण आहेच, आणि ऐपतीच्या चौकशीत कर्जदाराला शपथेवर मालमत्तेची यादी द्यायला लावता येते. ती चौकशी नीट करायला वेळ लागतो, कष्ट पडतात, एवढीच खरी अडचण, आणि कोणाचा वेळ वाचावा म्हणून माणूस आत टाकायचा नसतो. जास्त वाईट हे आहे की हा निकाल तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत पोचतच नाही. तो कारणे दाखवा नोटिशीला घाबरून हजरच राहत नाही, आणि हजर न राहिल्यावर कायदा कोर्टाला त्याच्या अटकेचं वॉरंट काढायला सांगतो. म्हणजे ज्या चौकशीत "साहेब, माझ्याकडे आज एवढंच आहे" हे सांगून सुटका होऊ शकते, त्याच चौकशीला न गेल्यामुळे माणूस अडकतो. हप्त्यांचंही तसंच. निकाल देताना कोर्ट स्वतःच्या अधिकारात हप्ते बांधून देऊ शकतं, निकाल झाल्यावर मात्र बँकेची संमती लागते. एकतर्फी हुकूमनामा ओढवून घेण्याची किंमत ही अशी आहे, आणि तो रद्द करून घ्यायला मुदत साधारण ३० दिवसांचीच.

दिवाणी तुरुंगाचं दार असं १९८० साली अरुंद झालं, आणि दशकाच्या आत शेजारी दुसरं उघडलं. १९८८ च्या दुरुस्तीने चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला, १ एप्रिल १९८९ पासून लागू, आधी एक वर्षापर्यंत कैद, २००२ नंतर दोन वर्षांपर्यंत. कर्ज देताना सह्या केलेले कोरे चेक घेऊन ठेवायची पद्धत तिथूनच फोफावली. पुढे २००७ च्या कायद्याने खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी तीच तऱ्हा. लोकांच्या डोक्यात "कर्ज थकलं की पोलीस" हे जे बसलंय ते बहुतेक वेळा या केसचं वॉरंट असतं, हुकूमनाम्याचं नसतं. दोन्ही प्रकरणं वेगळी, कोर्टं वेगळी, बचाव वेगळे. ऐपत नव्हती हे दरखास्तीत ऐकून घेतलं जातं, चेकच्या केसमध्ये त्याला फारसा अर्थ नाही.

रोख्याच्या मागे जाऊन हिशेब बघण्याचं काय झालं? १९८४ मध्ये बँकिंगच्या कायद्यात २१अ कलम आलं, की बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे या कारणाने कोर्टाने व्यवहार उघडायचाच नाही. जुन्या मुंबई इलाख्यातला दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ न देण्याचा, नियमही बँकेच्या व्याजापुढे मग लंगडा पडला. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या कर्जनिवारण कायद्यांखाली येणाऱ्या शेतीकर्जापुरता त्यातून रस्ता काढलाय, बाकी सगळ्यांना २१अ आहेच. हिशेबातली चूक, करारात नसलेला दंड, दोनदा लावलेले चार्जेस यावर अर्थात अजूनही भांडता येतं, आणि भांडावं.

यानंतरचा इतिहास मुख्यतः कोर्ट टाळण्याचा आहे. सप्टेंबर १९९० अखेर सरकारी बँकांचे पंधरा लाखांवर दावे पडून होते, ५,६२२ कोटींच्या वर रक्कम अडकलेली, दोन समित्यांनी वेगळी व्यवस्था सुचवलेली. त्यातून १९९३ ला कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, लोक ज्याला डीआरटी म्हणतात ती. आधी १० लाखांपासूनची प्रकरणं, २०१८ पासून २० लाखांपासूनची. तिथे हुकूमनाम्याऐवजी वसुली प्रमाणपत्र निघतं आणि अंमलबजावणी न्यायाधीशाकडे न राहता वसुली अधिकाऱ्याकडे जाते. २००२ ला सरफेसी हा गहाण मालमत्तेवरून वसुली करायचा कायदा आला आणि गहाण असेल तर तेवढंही नको झालं. ६० दिवसांची नोटीस, मग बँक स्वतःच ताबा घेणार, गरज पडली तर कलेक्टरची मदत घेणार. मूळ कायद्यात तर कर्जदाराला दाद मागायची असेल तर आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरायची अट होती! एप्रिल २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेवढी अट घटनाबाह्य ठरवली, बाकी कायदा टिकला. आता ताब्याच्या कारवाईनंतर ४५ दिवसांत डीआरटीत जाता येतं, पण कलम ६० मधली राहत्या घराची किंवा भांड्याकुंड्यांची चर्चा तिथे उपयोगी पडत नाही. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे आणि १ लाखापर्यंतची कर्जंही.

आपल्याकडे त्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांची भर. सहकार कायदा १९६० चा, त्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, दिवाणी दावा लागतच नाही, आणि जमीन महसुलाची बाकी वसूल करावी तशी वसुली होते. सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला, मे २०२० मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने येतो म्हणून सांगितलं. त्यामुळे एकाच कर्जासाठी एकीकडे १०१ चा दाखला, दुसरीकडे ताब्याची नोटीस, तिसरीकडे चेकची केस, आणि जामीनदारालाही तेच सगळं, असं आज सर्रास दिसतं.

जिथे साधा दिवाणी हुकूमनामाच आहे तिथे दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलंय. वसुलीची बाजू अशी घट्ट होत असताना ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही त्याच्यासाठीचा रस्ता मात्र होता तिथेच आहे. कंपन्यांसाठी २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा झाला, डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींनाही तो लागू झाला, पण साध्या पगारदारासाठी, दुकानदारासाठी त्यात जो भाग लिहून ठेवलाय तो लागूच केला गेलेला नाही. त्यांना नादार म्हणजे दिवाळखोर ठरवून घ्यायचं असेल तर मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा.