फोम काढला आणि यंत्र वाचलं

भोसरीत एका ओळखीच्याच्या शेडमध्ये परवा खोकी आपटायचं काम चाललं होतं. तीन किलोच्या यंत्रासाठी आतल्या फोमचं सॅम्पल ठरवायचं होतं. खोक्यात यंत्राऐवजी तेवढ्याच वजनाचा लाकडी ठोकळा, त्यावर धक्का मोजणारा सेन्सर. तळाला 5 सेंटिमीटर जाडीची, 30 बाय 20 ची अखंड ईपीई (पॉलिथिलीन प्लास्टिकच्या फोमची) गादी. 76 सेंटिमीटरवरून सोडलं, नापास. गड्याने गादी काढली, चार कोपऱ्यांना फक्त चार बाय चार सेंटिमीटरचे तुकडे चिकटवले. धक्क्याचा आकडा चक्क खाली आला!

एवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू ताशी 14 किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. प्रश्न उरतो तो किती अंतरात थांबते याचा. एका मिलिमीटरात थांबली तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या 760 पट, अडीच सेंटिमीटरात थांबली तर जेमतेम 30 पट. म्हणजे फोमने दबायला हवं. फोम म्हणजे पातळ भिंतींचे हवाबंद बुडबुडे. या भिंती आधी ताठ राहतात, मग वाकतात, आतली हवा दाबली जाते, आणि शेवटी भिंतीला भिंत टेकली की उरतं निव्वळ प्लास्टिक. धक्का पचतो तो मधल्या टप्प्यात. अखंड गादीवर दर चौरस सेंटिमीटरला 5 ग्रॅमच भार येत होता; एवढ्याने भिंती धड वाकतच नाहीत, ठोकळा थोडक्यात थांबतो. चार तुकड्यांवर तोच भार 47 ग्रॅम झाला. तुकडे आणखी लहान केले तर फोम पार चेपून वस्तू तळाला आदळेल. भार आणि धक्का यांचा आलेख म्हणूनच इंग्रजी यू अक्षरासारखा निघतो, तळ गाठायचा. अंगठ्याने दाबून 'मऊ आहे' म्हणण्याला काही अर्थ नाही, अंगठ्याचा दाब याच्या कितीतरी पट असतो.

खोक्यावरचं 'काच आहे, जपून' हे स्टिकर मला दारावरच्या लिंबू-मिरचीसारखं वाटतं. लावणाऱ्याला बरं वाटतं, खोकं पडायचं तसं पडतंच.

आलेख सपाट तुकड्याचा असतो, खरी वस्तू कोपऱ्यावरही पडते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या महागड्या साच्याची ऑर्डर देण्याआधी हाताने कापलेलं सॅम्पल दहा वेळा आपटतात: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. थर्माकोल तर एकदा चेपला की पुरता परत फुगत नाही, त्यामुळे पहिल्या आपटीचा निकाल फसवा.

आमच्या खोक्याचा एक तुकडा सातव्या आपटीला सुटला. ग्लू बदलून गड्याने पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली.