वर्गणी का आटत जाते?

स्वेच्छेने दिलेल्या पैशांवर चालणारी एखादी सामाईक सोय डबघाईला आली, की ‘माणूस शेवटी स्वार्थीच’ असे म्हणून लोक मोकळे होतात. प्रयोगांत मात्र निराळेच काही दिसते.

सार्वजनिक वस्तूच्या लाभापासून पैसे न देणाऱ्यालाही दूर ठेवता येत नाही. त्यामुळे तिची खरी गरज लपवण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो, हे अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. हाच पेच प्रयोगशाळेत असा मांडतात : चार खेळाडूंना प्रत्येकी २० टोकन मिळतात आणि सामाईक निधीत टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ टोकन परत मिळते. सर्वांनी सर्व दिले तर प्रत्येकाला ३२ मिळतात. पण एकट्याने काहीच दिले नाही तर त्याला ४४ (स्वतःचे २० आणि निधीतून २४) आणि उरलेल्यांना प्रत्येकी २४. पहिल्या फेरीत खेळाडू सरासरी निम्म्याच्या आसपास देतात, नंतर हे प्रमाण घसरत जाते.

खेळाडूंना हिशेब उमगला म्हणून घसरण होते, असे म्हणावे, तर जेम्स अँड्रिओनी यांनी १९८८ मध्ये ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर अचानक खेळ नव्याने सुरू केला आणि वर्गणी पुन्हा वर चढली. उमगलेला हिशेब कोणी एका क्षणात विसरत नाही.

उर्स फिशबाखर, सिमोन गेख्टर आणि एर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये खेळाडूंना थेट विचारले, की इतरांची सरासरी इतकी असेल तर तुम्ही किती द्याल? सुमारे निम्मे जण इतरांच्या प्रमाणात देणारे निघाले, तर सुमारे तीन दशांश पूर्ण फुकटे. आता तिघे पहिल्या प्रकारचे आणि एक फुकटा असा गट घ्या. तिघांनी प्रत्येकी १० दिले, तर त्यांच्यापैकी प्रत्येकाला इतरांची सरासरी ६.६७ दिसते, पुढच्या फेरीत तो तेवढेच देतो, मग सरासरी ४.४४ होते, मग सुमारे ३. कोणाचीही नियत बदललेली नसताना वर्गणी दर फेरीला एक तृतीयांशाने घटते. प्रत्यक्षात तर हे खेळाडू सरासरीपेक्षाही थोडे कमीच देतात, त्यामुळे फुकटा नसला तरी घसरण टळत नाही. ‘सर्वांनी मनावर घेतले तर काहीही शक्य आहे’ ही घोषणा नेमकी इथेच पोकळ ठरते.

स्वतःचे टोकन खर्चून इतरांना दंड करण्याची मुभा दिल्यावर वर्गणी टिकते, असे फेर आणि गेख्टर यांना २००० मध्ये आढळले. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ शहरांतील प्रयोगांत काही ठिकाणी खेळाडूंनी भरघोस देणाऱ्यांनाच दंड ठोठावला, आणि तिथे दंडाचा हा उपाय फारसा चालला नाही.