खासदाराचं मतदान रेकॉर्ड : मराठवाड्यातून बघताना

खासदाराचं मतदान रेकॉर्ड म्हणजे संसदेत एखाद्या विधेयकावर, ठरावावर किंवा घटनादुरुस्तीवर मत पडलं तेव्हा तो होय म्हणाला, नाही म्हणाला, तटस्थ राहिला का सभागृहातच नव्हता, याची नावानिशी नोंद. तिच्या जोडीला असते जाहीर भूमिका, म्हणजे तोच माणूस प्रचारसभेत, टीव्हीवर किंवा गावच्या सप्त्यात माईक हातात आल्यावर काय बोलला ते. हे दोन्ही जुळतं का बघायचं, विषय एवढाच. पण मराठवाड्याच्या आठ मतदारसंघांचं (जालना, औरंगाबाद, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, उस्मानाबाद, आणि हो, जिल्ह्यांची नावं बदलली तरी मतदारसंघ कागदावर अजून जुन्याच नावानं आहेत) रेकॉर्ड काढायला बसलं की पहिल्या तासात कळतं ते हे, की बहुतेक कायद्यांवर नावानिशी मत पडलेलंच नसतं.

कारण साधं आहे. संसदेत नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अध्यक्ष विचारतात, बाजूचे होय म्हणा, विरोधातले नाही म्हणा, मग कानाला जे मोठं वाटलं त्यावर निकाल, होयचं बहुमत, विधेयक संमत, पुढचा विषय घ्या. कोण ओरडलं, कोण मोबाईल बघत बसलं, कोण कँटीनमधे होतं, याचा कुठंच हिशोब नाही. कुणी मतविभाजन मागितलं आणि अध्यक्षांनी ते मान्य केलं तरच घंटा वाजते, साडेतीन मिनिटं थांबतात, लॉबीची दारं बंद होतात आणि मग बटणं दाबली जातात, हिरवं होयचं, लाल नाहीचं, पिवळं तटस्थाचं. मशीन चुकलं किंवा साहेबांनी घाईत भलतंच बटण दाबलं तर चिठ्ठीवर लिहून दुरुस्ती करता येते. घटनादुरुस्तीला मात्र ३६८ व्या कलमामुळं विशेष बहुमत लागतं, तिथं मोजणी टाळताच येत नाही, म्हणून रेकॉर्ड बघायचं तर घटनादुरुस्त्यांपासून सुरू करावं, तिथं तरी नावं सापडतात.

आता शेतकऱ्याचं बघा. मराठवाडा म्हणजे सोयाबीन, कापूस, तूर, आणि बाजार समितीचा भाव काय निघाला यावर घर चालतं. सप्टेंबर २०२० मधे तीन कृषी कायदे आले, बाजार समितीच्या बाहेर खरेदीविक्रीचा, कराराच्या शेतीचा आणि साठ्यावरची मर्यादा सैल करणारा. लोकसभेत आवाजी मतदान. राज्यसभेत २० सप्टेंबरला विरोधकांनी मतविभाजन मागितलं, गोंधळ झाला, आणि तिथंपण आवाजीच झालं. मग वर्षभर दिल्लीच्या वेशीवर आंदोलन चाललं आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागं घेतले गेले, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चा न करता, परत आवाजीनं. म्हणजे आमच्या लातूरच्या आडत्याला आणि औराद शहाजानीच्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त लागणारा कायदा आला तेव्हा आपला खासदार काय म्हणाला आणि गेला तेव्हा काय म्हणाला, दोन्हीचं रेकॉर्ड नाही! भाषणं आहेत, मुलाखती आहेत, पण मत कोरं.

यात एक अपवाद म्हणावा तर हिंगोलीचा. राजीव सातव, मूळ कळमनुरीचे, २०१४ ते २०१९ हिंगोलीचे लोकसभा खासदार आणि २०२० मधे काँग्रेसकडून राज्यसभेवर गेलेले. त्या कृषी विधेयकांच्या गोंधळानंतर दुसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबरला, जे आठ खासदार निलंबित झाले त्यात ते होते. त्यांची भूमिका मतदानाच्या यादीत कुठं सापडत नाही, निलंबनाच्या ठरावात सापडते. पुढं मे २०२१ मधे ते वारले. वर्तनाबद्दल निलंबन बरोबर होतं का चूक यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालंय, इथं मुद्दा एवढाच की नोंद ठेवायची पद्धतच अशी आहे की भूमिका कुठं शोधावी हे आधी कळावं लागतं.

व्हीपचा मामला

जिथं मोजणी होते तिथं दुसरी अडचण. मत खासदाराचं असतं का पक्षाचं? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदी. पक्षानं व्हीप काढला (सरकारी मराठीत पक्षादेश, पण तसं कोण म्हणतंय) आणि खासदार त्याच्या विरोधात गेला किंवा गैरहजर राहिला तर सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तरच वाचतं. व्हीप एक ओळीचा, दोन ओळीचा, तीन ओळीचा असतो, तीन ओळीचा आला की लेकीचं लग्न सोडून दिल्ली गाठायची. म्हणून आपल्याकडं मतदानाच्या यादीवरून खासदार कळत नाही, पक्ष कळतो. खासदाराचा स्वभाव बघायचा तर गैरहजेरी, सभात्याग आणि तटस्थ या तीन रकान्यांत बघावा, आणि तिथंही बहुतेकदा वरूनच फोन आलेला असतो.

शिवसेनेचं उदाहरण मराठवाड्यात सगळ्यात मजेशीर आहे, कारण इथं त्यांचे खासदार नेहमी असतात. २० जुलै २०१८ ला मोदी सरकारवर अविश्वास ठराव आला, १२६ बाजूनं आणि ३२५ विरोधात, ठराव पडला. सत्तेत भागीदार असूनपण शिवसेना त्या मतदानापासून लांब राहिली, तेव्हा मराठवाड्यात त्यांचे तीन खासदार होते, औरंगाबाद, परभणी आणि उस्मानाबादचे. मग डिसेंबर २०१९, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक. लोकसभेत ३११ विरुद्ध ८०, शिवसेना बाजूनं. दोनच दिवसांनी राज्यसभेत तीच शिवसेना मतदानाआधी बाहेर पडली, कारण नोव्हेंबरातच मुंबईत काँग्रेस राष्ट्रवादीसोबतचं नवं सरकार बसलेलं होतं आणि दिल्लीतल्या मतावरून तिकडं कुरबूर सुरू झालेली. विधेयक एकच, सभागृहं दोन, उत्तरं दोन. २०२२ मधे पक्षच फुटला, हिंगोलीचे हेमंत पाटील शिंदेंकडं, परभणीचे संजय जाधव आणि धाराशिवचे ओमराजे ठाकरेंकडं, म्हणजे एका चिन्हावर निवडून आलेल्या माणसांना दोन दिशेचे व्हीप. ऑगस्ट २०२३ च्या अविश्वास ठरावात तर विरोधक सभात्याग करून गेले आणि ठराव आवाजीनं पडला, तिथं कुणाचीच परीक्षा झाली नाही.

शून्य विरोध

आमच्याकडं लोक सध्या कोणत्याही खासदाराला एकच विचारायलेत, आरक्षणावर तुम्ही काय केलं. मराठा आरक्षणाच्या उपोषणाचं अंतरवाली सराटी जालना जिल्ह्यातलं, त्यामुळं प्रश्न दारातच आहे. रेकॉर्ड काढलं तर गंमत दिसते, म्हणजे गंमत म्हणायची नाही खरं. ऑगस्ट २०१८ मधे १०२ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली, राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी. दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत नाही. त्याच दिवसांत मराठवाड्यात रस्त्यावर मराठा आंदोलन पेटलेलं होतं. त्या दुरुस्तीत ३४२ अ नावाचं कलम होतं, त्याची भाषा अशी की मागास प्रवर्गाची यादी राष्ट्रपतींच्या नावानं निघणार, मग राज्याचा अधिकार राहतो का जातो, हा प्रश्न तेव्हापण काही जणांनी काढला होता पण बटण दाबताना सगळे हिरवे. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षण रद्द केलं, ५० टक्क्यांची मर्यादा हे एक कारण, आणि बहुमतानं असंपण सांगितलं की या दुरुस्तीनंतर राज्याला यादी करायचा अधिकार उरला नाही. मग ते निस्तरायला ऑगस्ट २०२१ मधे १२७ वं विधेयक, जे पुढं १०५ वी घटनादुरुस्ती झालं. परत विरोधात शून्य. चर्चेत ५० टक्क्यांची मर्यादा उठवा अशी मागणी झाली, ती काही कायद्यात आली नाही.

तर आरक्षणाच्या प्रश्नावर आठही जिल्ह्यांत सगळे पक्ष एकमेकांकडं बोट दाखवतात आणि यादीत मात्र दोन्ही वेळा सगळे एकाच रांगेत. माझ्या मते इथं मताचा रकाना काहीच सांगत नाही, चर्चेचं टिपण वाचावं, कुणी ३४२ अ वर शंका काढली आणि कुणी नुसतं अभिनंदन करून खाली बसलं ते तिथं दिसतं.

एकटं मत दिसायचं तर २० सप्टेंबर २०२३ चा दिवस बघा. महिला आरक्षणाचं विधेयक, नवीन संसद भवन, मशीन अजून चालू नव्हतं म्हणून चिठ्ठ्या वाटून मतदान. बाजूनं ४५४, विरोधात २. त्या दोघांतले एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि दुसरे औरंगाबादचे इम्तियाज जलील. कारण त्यांनी उघड सांगितलं, ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही. पटो न पटो, जाहीर भूमिका आणि मत एका ओळीत आलेलं हे मराठवाड्यातलं अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण. अर्थात तेव्हा ओवेसींच्या एमआयएमचे लोकसभेत खासदारच दोन होते, म्हणजे तोपण पक्षाचाच निर्णय, हे धरायला हवं. जलील २०१९ ला साडेचार हजारांच्या आसपास मतांनी निवडून आलेले होते, २०२४ ला पडले, संदिपान भुमरे आले.

आणि ज्याला मतच नाही असा खासदार? लातूरकरांना माहितीये. शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष. १०० व्या कलमानुसार अध्यक्षाला पहिल्या फेरीत मत नसतं, समसमान झालं तरच निर्णायक मत. जुलै १९९३ मधे नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा पडला, देशभर गाजला, आणि लातूरचा खासदार त्या दिवशी सभागृहात सगळ्यात उंच खुर्चीवर बसून होता, मत शून्य. त्यामुळं त्यांच्या त्या पाच वर्षांच्या रकान्यात रिकामं दिसलं म्हणून कामचुकार म्हणायचं नसतं.

विधिमंडळाकडं पटकन बघू. तिथं आवाजी आणखी जास्त, नावाची यादी आणखी दुर्मिळ. आणि मराठवाड्याला एकमताचा अनुभव चांगला माहितीये. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव दोन्ही सभागृहांत एकमतानं झाला. मुंबईत एकमत, आणि इकडं त्याच आठवड्यात गावागावांत दलित वस्त्या जळायला लागल्या. सभागृहात होय म्हणून आलेल्या किती आमदारांनी आपल्या तालुक्यात उभं राहून तेच होय परत म्हटलं? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, साडेपंधरा वर्षं.

हजेरीचे आकडे आता सगळीकडं फिरतात, निवडणुकीच्या आधी तर व्हॉट्सॲपवर रोजच. हजेरी म्हणजे रजिस्टरवर सही, मत नव्हे. मंत्री त्या रजिस्टरवर सही करत नाहीत, त्यामुळं जालन्याचे रावसाहेब दानवे राज्यमंत्री असतानाची हजेरी शोधून कुणाला सापडणार नाही. प्रश्नांचंपण तसंच, मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. रेल्वेचं काय म्हणाल तर तो मराठवाड्याचा जुना सल आहे, नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, कारभार सिकंदराबादहून, आणि रेल्वेचं बजेट २०१७ पासून मुख्य बजेटमधेच गेलं, जिथं बऱ्याच खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून (म्हणजे चर्चा न करता) एका दमात मंजूर होतात. तिथं खासदाराचं मत शोधू नका, शून्य प्रहरात काय बोलला ते शोधा.

२०२४ नंतर चित्र असं आहे की आठपैकी सात खासदार विरोधी बाकावर, एकटे भुमरे सत्तेकडं. त्यामुळं १७ डिसेंबर २०२४ ला एक देश एक निवडणूक विधेयक मांडताना झालेलं २६९ विरुद्ध १९८ किंवा एप्रिल २०२५ मधलं वक्फ दुरुस्तीचं २८८ विरुद्ध २३२, अशा मतदानात मराठवाड्याचा कौल देशाच्या निकालापेक्षा उलटा पडणारच होता.

यादी स्वतः बघायची तर लोकसभेच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या छापील वृत्तात मतविभाजनाजवळ नावं असतात, होयवाल्यांची वेगळी, नाहीवाल्यांची वेगळी, खाली चिठ्ठीनं दुरुस्त केलेली. नांदेडकरांनी इथं जरा सावकाश वाचावं. शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण, वसंतराव चव्हाण आणि २०२४ च्या पोटनिवडणुकीत १४५७ मतांनी आलेले वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण, एवढे चव्हाण तर एका नांदेडनंच दिल्लीला पाठवले. आणि आत्ता रवींद्र चव्हाण लोकसभेत काँग्रेसचे, तर अशोक चव्हाण, जे २०१४ ला त्याच नांदेडमधून काँग्रेसचे खासदार होते, ते फेब्रुवारी २०२४ पासून भाजपात आणि राज्यसभेत, तेव्हा नुसतं चव्हाण वाचून फॉरवर्ड करायच्या आधी सभागृह कोणतं ते बघा.