खातेपान क्रमांक आणि दुकानाचा डेटाबेस

किराणा दुकानात संगणक आला की सुरुवातीचे काही महिने बहुधा एकाच एक्सेल फाइलवर निघतात. तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, मोबाइल, माल, नग, दर आणि उधारी हे सगळे एकाच ओळीत लिहिले जाते. एखाद्या गिऱ्हाइकाने महिन्यात बारा वेळा माल नेला, तर त्याचा पत्ताही बारा वेळा लिहिला जातो. त्याने घर बदलले की बारा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि त्यातली एक जरी राहून गेली, तरी दोन पत्त्यांपैकी खरा कोणता हे त्या फाइलला सांगता येत नाही. हा दोष एक्सेलचा नाही, मांडणीचा आहे. तशीच मांडणी ठेवून महागडे सॉफ्टवेअर घेतले, तरी दोष कायम राहतो.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबनिसांना यावरचा उपाय ठाऊक होता. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद करताना ते शेजारच्या 'खा. पा.' या रकान्यात खातेपान क्रमांक लिहीत आणि त्या माणसाचे सविस्तर खाते खतावणीच्या, म्हणजे खात्यांच्या वहीच्या, त्या एकाच पानावर असे. एडगर कॉड या गणितज्ञाने आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत असताना १९७० साली माहितीच्या साठवणुकीचे जे संबंधाधारित प्रारूप मांडले, त्याचा पाया संच आणि संबंध यांच्या गणितात आहे. तरीही ज्याने खतावणी हाताळली आहे त्याला त्यातला गाभा परका वाटणार नाही. प्रत्येक वस्तुस्थिती एकाच जागी लिहावी आणि इतरत्र केवळ तिचा क्रमांक द्यावा, एवढाच तो गाभा आहे.

त्यानुसार दुकानासाठी निदान पाच तक्ते लागतात: ग्राहक, माल, बिले, बिलांतील ओळी आणि जमा रकमा. बिल आणि बिलातील ओळी वेगळ्या का, असा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. बिलात दोन जिन्नस असतील किंवा वीस, हे आधी सांगता येत नाही. 'माल १', 'माल २', 'माल ३' असे रकाने आखले की चौथ्या जिनसाला जागा उरत नाही आणि गेल्या महिन्यात टूथपेस्ट किती खपली हे पाहायला तिन्ही रकाने धुंडाळावे लागतात. उधारीची बाकी मात्र कोठेही लिहून ठेवू नये. बिलांच्या बेरजेतून जमा रकमा वजा करून ती दर वेळी काढावी, म्हणजे बाकी आणि बिले यांत तफावत पडण्याचा प्रश्नच राहत नाही.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते संपूर्ण मांडणीत सर्वाधिक चुका येथेच होतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी टूथपेस्ट, केसांचे तेल आणि अंघोळीचा साबण यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या डेटाबेसमध्ये कराचा दर फक्त मालाच्या तक्त्यात होता आणि बिल छापताना तो तेथूनच घेतला जात होता, तेथे तो आकडा बदलताच ऑगस्टमधील जुनी बिलेही ५ टक्क्यांनी दिसू लागणार. म्हणून विक्रीच्या वेळची किंमत आणि कराचा दर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवावे लागतात. ही पुनरुक्ती वाटते, पण ती तशी नाही, कारण 'आजचा दर' आणि 'त्या दिवशी आकारलेला दर' या दोन निराळ्या वस्तुस्थिती आहेत.

ग्राहकाची ओळख नावावरून ठरवू नये, हे मराठीत तर अधिकच खरे आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड तो आकार 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटवतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण केवळ चिन्हांचे हे क्रमांक ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती तीन वेगळी माणसे वाटतात. मोबाइल क्रमांकही पुरेसा नाही, कारण बापलेक एकच क्रमांक देतात. डेटाबेसने स्वतः दिलेला, कधीही न बदलणारा ग्राहक क्रमांक हाच खरा खातेपान क्रमांक होय.

साधन कोणते घ्यावे, याला मी तुलनेने कमी महत्त्व देतो. १९९२ पासून उपलब्ध असलेले मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस एका फाइलमध्ये २ जीबीपर्यंत माहिती ठेवते आणि एका दुकानाला ते पुष्कळ झाले. लिब्रेऑफिस बेस विनामूल्य आहे. प्रोग्रॅम लिहून घेणार असाल तर त्या प्रोग्रॅमच्या आतच बसणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस उत्तम. पाच ओळींच्या बिलातील तीन ओळी लिहून झाल्या आणि वीज गेली, तर काय होते ते येथे पाहण्यासारखे आहे. संपूर्ण बिल हा एकच व्यवहार म्हणून नोंदवला असेल, तर एसक्यूलाइट बदल करण्यापूर्वीची मूळ पाने (फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवते आणि पुढच्या वेळी उघडताना तो अर्धवट व्यवहार मागे घेते. अर्धे बिल शिल्लकच राहत नाही.

विजेपासून असा बचाव होतो. चोरी, पाणी आणि बिघडलेली डिस्क यांपासून होत नाही. त्यासाठी रोज दुकान बंद करताना, प्रोग्रॅम आधी बंद करून, फाइलची प्रत काढावी, कारण चालू फाइलची प्रत अर्धी जुनी आणि अर्धी नवी निघू शकते. ती प्रत ठेवलेला पेनड्राइव्ह दुकानाच्या गल्ल्यात न ठेवता घरी न्यावा. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडावा आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक व एखाद्या मोठ्या उधारीची बाकी मूळ फाइलशी ताडून पाहावी.