प्रयोगशाळेतले जिवाणू प्रत्यक्ष गाळात उतरवायचे आहेत? 'बिग' अनुदानाचा अर्ज असा करा

तेलाचा गाळ पचवणारे जिवाणू, रंगकारखान्याचं सांडपाणी नितळ करणारं शेवाळ, अशी कामं आपल्याकडच्या महाविद्यालयांत होत असतात आणि बरीचशी प्रबंधातच राहतात. बाहेर पडलेलं उदाहरणही आहे, 'टेरी' या ऊर्जा आणि पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं 'ऑइलझॅपर'. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेले हे जिवाणू. २०१० साली मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा किनारा साफ करायला ते वापरले गेले.

तुमच्याकडे असं काही असेल तर 'बायरॅक'चं, म्हणजे जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, म्हणजेच 'बिग', आधी पाहा. १८ महिन्यांपर्यंतच्या कामाला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. हे पैसे कल्पना चालते हे सिद्ध करण्यासाठी आहेत, प्रकल्प उभारण्यासाठी नाहीत.

अर्ज दोघं करू शकतात. एक, भारतीय नागरिक व्यक्ती म्हणून. मात्र इन्क्युबेटरशी, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, उपकरणं आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्राशी, जोडलेलं असावं लागतं. पुण्यात व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं 'साइन' ही जवळची ठिकाणं. दुसरी, नवी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी). तिच्यात किमान ५१ टक्के हिस्सा भारतीयांचा हवा. कंपनीला नोंदणीचा दाखला, भागधारकांच्या हिश्श्याचं सीएचं प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेची सोय दाखवणारी कागदपत्रं जोडावी लागतात. नोकरीत असाल तर संस्थेचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवा, सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

पेटंटचं मात्र शांतपणे बघा. शोधनिबंध आधी छापला आणि पेटंटचा अर्ज नंतर केला, तर नावीन्य गेलं म्हणून समजा. जिवाणू इथल्या मातीतून वेगळे केले असतील तर पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणीही लागते. शोध विद्यापीठाच्या मालकीचा असेल तर तो वापरायची लेखी परवानगी घ्या. जनुकीय बदल केलेले जिवाणू असतील तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी.

माझ्या मते अर्जाचा खरा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. चंचुपात्रात एकच रंग घालून तयार केलेल्या पाण्यावर ९५ टक्के निकाल येणं सोपं असतं. कारखान्याच्या पाण्यात मीठ असतं, सामू (पीएच) रोज बदलतो, पावसाळ्यात सगळंच पातळ होतं. म्हणून अनेक कारखान्यांचं पाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या एखाद्या सामायिक सांडपाणी केंद्राशी बोला, त्यांचं खरं पाणी आणून चाचणी करा आणि 'आमच्याकडे चाचणीला जागा देऊ' असं पत्र घ्या. घातक गाळ हलवायचा असेल तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. एक घनमीटर पाण्याला किती खर्च येईल, हा आकडाही अर्जात असू द्या. केंद्र चालवणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

अर्ज बायरॅकच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. साधारणपणे १ जानेवारी आणि १ जुलैला खिडकी उघडते. त्या फेरीच्या अटी मूळ जाहिरातीतच वाचा. आधी छाननी, मग तज्ज्ञांपुढे सादरीकरण, मग कागदपत्रांची पडताळणी आणि करार. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे पहिला टप्पा झेपेल एवढाच लिहा.