मृगाच्या पोटाखालचा उजेड

“मिरग तर जूनात निघतो न्हवं? मग हा डिसेंबरात कुठला मिरग?”

मोरगावच्या पुढे, ज्यांच्या माळावर मी ट्रायपॉड लावला होता त्या मामांनी घोंगडी सावरत विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग ‘निघतो’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. सूर्यच तिथे असल्यामुळे ते तारे तेव्हा दिवसा आकाशात असतात, दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि तेच नक्षत्र अंधार पडताना पूर्वेला उगवतं, रात्रभर डोक्यावरून जातं. हे सांगितल्यावर मामा थोडा वेळ पूर्वेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी ह्यो तोच. पाऊस घेऊन येतो तो.”

तोच. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, त्यात तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य. मधोमध एका ओळीत तीन तारे, हा व्याधाने मारलेला बाण. बाणाच्या खाली नीट पाहिलं तर आणखी तीन फिकट ठिपके दिसतात आणि त्यातला मधला जरा पुसट, बोट लागून फिसकटल्यासारखा. एम 42 म्हणजे मृगातला मोठा तेजोमेघ तो हाच. अंधाऱ्या गावात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आकाशाचे फोटो काढायला लागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी इथेच पाठवतो, कारण हा तेजोमेघ नवख्यालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

तो आपल्यापासून सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर आहे. महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हा निघालेला प्रकाश त्या रात्री माझ्या लेन्समध्ये शिरत होता. मेघाची रुंदी 20 प्रकाशवर्षांहून जास्त आहे. आत हायड्रोजन, हेलियम, थोडा ऑक्सिजन, धूळ आणि नुकतेच जन्मलेले हजारो तारे आहेत. पोटात चार ताऱ्यांचा एक छोटासा चौकोन आहे, ट्रॅपेझियम नावाचा. त्यातला सर्वांत तापलेला तारा इतका प्रखर अतिनील प्रकाश फेकतो की आजूबाजूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडून जातात. ते पुन्हा अणूंना येऊन मिळताना उजेड बाहेर पडतो. सबंध मेघ उजळलाय तो मुख्यतः त्या एका ताऱ्याच्या जिवावर.

दुर्बिणीला डोळा लावणाऱ्यांची पहिली तक्रार मात्र ठरलेली असते: “फोटोत लाल दिसतो, इथे तर राखाडी आहे!” यात फोटोची लबाडी नाही आणि डोळ्याचा दोषही नाही. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जेवढा आला तेवढ्यावर चित्र काढतो आणि पुढे जातो. शिवाय अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. त्या सर्वांत जास्त जागृत असतात 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट निळ्या प्रकाशाला. हायड्रोजनचा खास लाल प्रकाश 656.3 नॅनोमीटरला असतो आणि तो त्यांच्या लेखी जवळजवळ अंधारच. कॅमेऱ्याचं तसं नाही. शटर उघडं आहे तोवर येईल तो प्रकाशाचा कण तो जमा करत बसतो.

हे साठवणं पहिल्यांदा जमवलं ते पेशाने खगोलशास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी. न्यूयॉर्कजवळ राहणारे हेन्री ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर. 30 सप्टेंबर 1880 रोजी त्यांनी 11 इंची दुर्बिणीतून 51 मिनिटं प्रकाश साठवत याच तेजोमेघाचा फोटो काढला. कोणत्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. 1883 मध्ये लंडनजवळच्या ईलिंगला अँड्र्यू कॉमन या इंजिनियरने घराच्या बागेतल्या 36 इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याहून कितीतरी सुंदर फोटो घेतला. त्या फोटोच्या काचेवर असे तारे उमटले होते, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. माझ्या मते खगोलशास्त्र खऱ्या अर्थाने बदललं ते त्या दिवशी. डोळ्याच्या पलीकडचं पाहणारं साधन माणसाच्या हाती आलं.

आता माळावरची अडचण. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे तासाला 15 अंश सरकतात. ऐकायला हे सावकाश वाटतं, पण 200 मिलिमीटरच्या लेन्समधून पाहिलं तर माझ्या कॅमेऱ्यात मृगातला तारा एका सेकंदात साडेतीन पिक्सेल ओलांडतो. पाच सेकंद शटर उघडं ठेवलं की ठिपक्याची रेघ होते. साधा ट्रायपॉड असेल तर नवख्यांना एक ठोकळ हिशोब सांगतात: 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद. मोठ्या सेन्सरवर (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) 50 मिलिमीटरला 10 सेकंद येतात. सुरुवातीला तेवढ्यावरही मृग छान येतो. त्यापुढे जायचं तर ट्रॅकर लागतो. हे मोटारीचं छोटं यंत्र कॅमेऱ्याला ताऱ्यांच्याच गतीने पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवत राहतं.

ट्रॅकरचा आस ध्रुवबिंदूकडे, म्हणजे ज्याभोवती सगळं आकाश फिरताना दिसतं त्या जागेकडे, रोखावा लागतो आणि इथे आपल्याकडे खरी कसोटी लागते. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढे आपले अक्षांश. युरोपात तो 50 अंशांवर निवांत चमकतो. मोरगावला जेमतेम 18 अंश! तिथे धूळ, धुरकट, एखादं बाभळीचं झाड, शिवाय वायव्येकडून पुण्याचा नारिंगी उजेड. त्यातून ध्रुवतारा ठळकही नाही आणि बरोबर ध्रुवबिंदूवरही नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. त्या रात्री गुडघे टेकून, मान वाकडी करून ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत तो सापडेपर्यंत माझी चाळीस मिनिटं गेली. ही चाळीस मिनिटं कधीही वाचवू नयेत. ध्रुव चुकला की पुढची सगळी रात्र चुकते.

मग एकेक मिनिटाच्या फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, घ्यायला सुरुवात केली. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800, लेन्सचं तोंड एफ 4 एवढं उघडं, फोकस हाताने, व्याधावर धरून आणि मग लेन्सला चिकटपट्टी लावून पक्का केलेला. मधूनमधून 5 सेकंदांच्या काही फ्रेमही घेतल्या, कारण मेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की मिनिटभरात तो पांढराफटक होतो आणि ट्रॅपेझियमचे चार तारे त्यात बुडून जातात. एकूण मिनिटाच्या 120 फ्रेम झाल्या. त्यातल्या 31 वाया गेल्या. स्वच्छ रात्री उघडी काच आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव धरतं. लेन्सला गुंडाळायचा गरम पट्टा बॅगेतच राहिला होता. बाराच्या सुमारास पडद्यावर प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय दिसलं, तेव्हा लक्षात आलं. मामांनी चुलीजवळ तापवलेलं कापड आणून दिलं, ते लेन्सभोवती गुंडाळलं आणि पुढच्या फ्रेम वाचल्या.

एक फ्रेम उघडून पाहिली तर निराशाच पदरी पडते. करडं आकाश, त्यावर रवाळ कचरा, मधे गुलाबीसर डाग. खरं काम त्यानंतर संगणकावर होतं. सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर तारे बसवून एकमेकींवर रचायच्या, याला स्टॅकिंग म्हणतात आणि त्यासाठी चांगले मोफत प्रोग्राम आहेत. तेजोमेघ प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, म्हणून त्याचा प्रकाश बेरजेने वाढतो. रवाळपणा मात्र दर वेळी वेगळा असतो, कधी जास्त, कधी कमी, म्हणून तो वर्गमुळाने वाढतो. 100 फ्रेम रचल्या तर उजेड 100 पट, गोंधळ फक्त 10 पट. माझ्या 89 फ्रेमनी चित्र नऊ पटींहून अधिक स्वच्छ केलं आणि मेघाच्या कडेचे धुरासारखे पदर वर आले. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मला त्या पडद्यावर शब्दशः दिसते. सोबत झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमही लागतात, त्या सेन्सरच्या स्वतःच्या खुणा वजा करतात. लेन्सवर पांढरा स्वच्छ कपडा ताणून घेतलेल्या फ्रेम धुळीचे डाग घालवतात. कंटाळून यातलं काही टाळलं की पुढे रंग देताना ते हमखास नडतं.

रंगांबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. माझ्या फोटोतला लाल रंग हायड्रोजनचाच आहे. उलट साधा कॅमेरा तो कमीच दाखवतो, कारण सेन्सरपुढची काच त्यातला मोठा हिस्सा अडवते. पण काही प्रसिद्ध फोटोंत गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा असे रंग नेमून दिलेले असतात. कोणता वायू कुठे आहे याचा तो नकाशा असतो. नकाशाला नकाशा म्हणावं, फोटोखाली तसं लिहावं.

गाभ्याजवळची हिरवट निळी झाक माझ्यासाठी सगळ्यात मोलाची आहे, कारण तिचा धागा पुण्यात येतो. 1864 मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात 500.7 नॅनोमीटरजवळ एक ठळक हिरवी रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. कुणी नवं मूलद्रव्य मानून त्याला ‘नेब्युलियम’ नाव दिलं, दुसरे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर ती मॅग्नेशियमची समजत. त्या काळात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथे ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण होती, त्या वेळी भारतातली सर्वांत मोठी. प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी मृगातल्या याच तेजोमेघाची ती रेषा तपासली आणि ती एकच, रेखीव आहे असं 1891 च्या सुमारास प्रसिद्ध केलं. मॅग्नेशियमची असती तर ती अशी रेखीव दिसली नसती, म्हणून लॉकियरच्या म्हणण्याशी हे जुळणारं नव्हतं. पुढे 1912 मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

कोडं सुटलं 1927 मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. असा ऑक्सिजन उजेड सोडण्याआधी अर्धा मिनिट वाट पाहतो. आपल्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे 25 अब्ज अब्ज रेणू असतात, तिथे इतका वेळ धक्का न लागता राहणं अशक्य. तेजोमेघात मात्र तेवढ्या जागेत काही हजार कण असतात. तिथे त्याला निवांतपणा मिळतो आणि हिरव्या प्रकाशाचा तो कण सुटतो. पुण्याच्या आवारातून नायगामवालांनी निरखलेला तो उजेड आज मोरगावच्या माळावरून माझ्या सेन्सरवर उतरतो.

आज पुणे शहरातून हे करणं फार कठीण झालंय. मोठ्या शहराचं आकाश अंधाऱ्या गावाच्या आकाशापेक्षा 40 पट उजळ सहज असतं. म्हणजे गावात एका तासात जे मिळतं त्यासाठी शहरात 40 तास लागतील. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दिवे खाली तोंड करून लावले तर रस्त्यावरचा उजेड तेवढाच राहतो आणि आकाश बरंच वाचतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने असे बदल केले आणि जानेवारी 2024 मध्ये त्याला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली.

पहाटे सामान आवरताना मामांनी विचारलं, आता पुन्हा कधी. मी म्हटलं, एप्रिलात, नौका तारकासमूहातल्या कॅरिना तेजोमेघासाठी. दिसायला तो मृगातल्या मेघाहूनही मोठा, पण इतका दक्षिणेला की लंडनमधून तो कधी उगवतच नाही. ध्रुव खाली असण्याचा हा आपला फायदा. मोरगावहून तो रात्री नऊच्या सुमारास क्षितिजाच्या 12 अंश वर येतो. फक्त दक्षिण मोकळी हवी.

मामांनी विहिरीपलीकडे हात केला. “तिकडं झाड न्हाई, दिवा न्हाई. चैतात या.”